खालीवर टाळी

ज्यांच्या हाती विमानभर माणसांचे प्राण डोळे मिटून सोपवावेत, पण आरतीची टाळी मात्र चुकूनही सोपवू नये, असे गृहस्थ मला उभ्या आयुष्यात एकच भेटले, आणि ते नेमके माझे साडू निघाले. लग्न ठरवताना माणूस मुलगी बघतो, सासूसासरे बघतो, अगदी त्यांच्या घरचा चहासुद्धा बघतो. साडू कोणी बघत नाही. तो पानात आधीच वाढून ठेवलेला असतो. मला वाटलं होतं, समुद्र ओलांडला की निदान हे एक नातं सुटेल. पण सिंगापूरला चांगी बिझनेस पार्कातल्या एका बँकेत मला नोकरी लागली, आम्ही टॅम्पिनीसला फ्लॅट भाड्याने घेतला, आणि पहिल्याच सकाळी पडदा बाजूला करतो तर समोरच्या ब्लॉकच्या खिडकीतून साडू हात हलवत होते. हलवत कसले, विमान जागेवर लावताना खाली उभा असलेला माणूस करतो तशा खुणा करून मला खिडकीत नीट उभं करत होते. मग फोन आला, "थोडे डावीकडे सरका. हां, आता दिसलात."

हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताई पुण्याची, ते नाशिकचे. पेशाने विमानांचे इंजिनिअर. उडवणारे नव्हेत, विमान उतरलं की त्याची नाडी बघायची, काय दुखतंय खुपतंय ते दुरुस्त करायचं आणि "आता उडायला हरकत नाही" अशी सही करायची, ही त्यांची नोकरी. उरलेल्या वेळात ते जॅझ वाजवतात. उरलेल्या वेळात हे मी म्हणतो. त्यांना विचाराल तर जॅझमधून उरलेल्या वेळात ते विमानं बघतात. वाद्य डबल बास. ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांनी एक व्हायोलिन डोळ्यांसमोर आणावं आणि ते माणसापेक्षा उंच होईपर्यंत त्याला साजूक तुपावर पोसावं. सासूबाई त्याला "तुमची ती कपाटाएवढी सतार" म्हणतात. ड्यूटी कधी पहाटेची, कधी दुपारची, त्यातून रविवारी वाजवणं, त्यासाठी आठवडाभर रियाज. त्यामुळे ताईच्या घरी वर्षानुवर्षं वाद एकच चालतो: दोन्हीपैकी एक काहीतरी सोडा. "दोन डगरींवर पाय ठेवणारा शेवटी मधल्या पाण्यात पडतो," असं सासूबाई पुण्याहून व्हिडिओवर सांगतात. त्यावर साडूंचं उत्तर ठरलेलं असतं. "एका पायावर उभं राहायला मी काय बगळा आहे?"

हेही सहन झालं असतं, जर त्यांनी विमानं दुरुस्त करायचं हँगर हँगरच्या जागी आणि जॅझ जॅझच्या जागी ठेवला असता. पण नाही. विमानाच्या कामात म्हणे प्रत्येक हत्याराची फळीवर आकृती काढलेली असते. पान्याच्या आकृतीवर पाना, पकडीच्या आकृतीवर पक्कड. एखादी आकृती रिकामी दिसली की विमान जागचं हलत नाही, कारण हरवलेला पाना इंजिनात असू शकतो. अतिशय शहाणी पद्धत आहे. पण साडूंनी ती ताईच्या स्वयंपाकघरात आणली. ओट्याच्या वरच्या भिंतीवर काळ्या रंगात उलथनं, झारा, रवी, लाटणं, चिमटा आणि सांडशी यांच्या सावल्या काढल्या, आणि नियम केला की सगळ्या सावल्या भरल्याशिवाय घरातून कोणी बाहेर पडायचं नाही. सासूबाई पहिल्यांदा सिंगापूरला आल्या त्या दिवशी आम्ही सगळे त्यांना आणायला निघालो, बूट घातले, लिफ्टही आली, आणि साडू दारातच थबकले. सांडशी नव्हती. ताईने हात जोडले, माझ्या बायकोने आवाज चढवला, मी नवीन सांडशी विकत आणून देतो म्हणालो. "नवीन आणाल हो," ते म्हणाले, "पण जुनी कुठे आहे ते माहीत नसताना मी घर सोडू कसं?" सांडशी फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्याला चिकटून बसलेली सापडली. आम्ही पोहोचलो तेव्हा सासूबाई चांगी विमानतळाच्या बाकावर पिशवीवर डोकं ठेवून झोपल्या होत्या. उठल्या आणि एवढंच म्हणाल्या, "विमान वेळेवर आलं हो. विमानवाले जावई तेवढे लेट झाले."

बरं, माणूस इतका काटेकोर आहे म्हणावं, तर दुसऱ्या बाजूने जॅझ घरात शिरलेला. एकच गोष्ट दोनदा तशीच करायची नाही, हा त्या संगीताचा धर्म आहे असं त्यांनी मला समजावलं आहे. मी विचारलेलं नसताना. म्हणून ते आमच्या ब्लॉकपर्यंत एका वाटेने दोनदा येत नाहीत, आणि समोरासमोरच्या दोन इमारतींमध्ये वाटा असून असणार किती, त्यामुळे कधीकधी ते बहुमजली पार्किंगमधून प्रकट होतात. सासूबाई इथे असताना एका एकादशीला त्यांनी साबुदाण्याची खिचडी केली. पहिला घास साबुदाण्याचा, दुसरा शेंगदाण्याचा, आणि तिसऱ्या घासाला जिभेवर लाक्साची, म्हणजे इथल्या मासळीच्या तिखट रश्शात घालतात ती पानं आली, त्यामागून कशाची तरी आंबट चव आली, आणि शेवटी पुन्हा बटाटा. सासूबाईंनी घास तोंडातच धरून विचारलं, "हे उपासाला चालतं?" साडू शांतपणे म्हणाले, "मूळ धून साबुदाण्याचीच आहे, आई. मधे जरा फिरून आलो." त्या दिवशी सासूबाईंना जेवणाचाच उपास घडला.

बासची गोष्ट तर विचारूच नका. सिंगापूरच्या सरकारी घरांत एक छोटी जाड भिंतींची खोली असते, बॉम्ब शेल्टर म्हणतात तिला. युद्ध झालंच तर कुटुंबाने आत शिरून लोखंडी दार लावून घ्यायचं. युद्ध होईपर्यंत सगळे जण तिथे तांदूळ, बॅगा आणि दिवाळीचे कंदील ठेवतात. ताईच्या घरी तिथे बास राहतो. तांदळाची पोती, पुण्याहून आलेलं भाजणीचं पीठ आणि लोणच्याच्या बरण्या दिवाणखान्यात उघड्यावर, आणि ते लाकडी धूड आत सुरक्षित. "उद्या युद्ध झालं तर आम्ही बाहेर आणि तो आत," असं ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. रियाजही तिथेच, दार लावून, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या चिनी आजींना त्रास नको. एकदा ताईने नकळत दारापाशी तांदळाची पोती रचली आणि ती पाया लेबारला खरेदीला गेली. आल्यावर पोती हलवून दार उघडलं, तर घामाने निथळलेले साडू तिच्यावरच वैतागले, "आत्ता कुठे लागत होतं, इतक्यात कशाला बोलावलंस?" आपण कोंडले गेलो होतो हे त्यांना आम्ही सांगितल्यावर कळलं.

ते वाजवतात पाया लेबारजवळच्या एका कॅफेच्या माडीवर. पियानोवर एक निवृत्त चिनी मास्तर, ड्रमवर एक मलय गृहस्थ, जे एरवी बस चालवतात. पहिल्यांदा मला नेलं ते रसिक म्हणून नव्हे, हमाल म्हणून. बास टॅक्सीत आडवा घातला की त्याची मान पुढच्या दोन सीटच्या मधून बाहेर येते आणि ती धरायला एक माणूस लागतो. टॅक्सीवाल्या अंकलनी आरशातून पाहून विचारलं, "वा! धिस वन डेड बॉडी, इज इट?" मी शाळेत असताना चार वर्षं तबला शिकलो आहे. फार पुढे गेलो नाही, पण सम कुठे, टाळी कुठे आणि हात मोकळा सोडायची खाली कुठे, हे मला झोपेतून उठवून विचारावं. तर मी तिथे समेची वाट बघत बसलो. ते चौघे जणू समेचे पैसे बुडवून पळाले होते. म्हणजे तिघेच, पण बासचा पसारा बघता तो चौथा धरला पाहिजे. शेवटी मला एक ठेका सापडला आणि मी आपली रीतसर टाळी धरली, तर अख्खी माडी माझ्याकडे वळून बघू लागली. आमची टाळी पडते तेव्हा त्या सगळ्यांचे हात हवेत, आणि आमचे हात सुटले की त्यांची टाळी! परत येताना, बासची मान माझ्या मांडीवर असताना, साडू म्हणाले, "तुम्ही पाऊल पडतं तिथे टाळी देता. आम्ही पाऊल उचललं जातं तिथे देतो." विमानाच्या धंद्यातल्या माणसाला जमिनीवर टेकलेलं काही आवडत नसावं, अशी मी मनाची समजूत घातली.

पण तीच टाळी त्यांनी आरतीत आणली, तेव्हा मात्र हद्द झाली. त्यांचे तळवे रुंद, आवाज दणदणीत. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला शंभर माणसं एका ठिकाणी टाळी देत असतात आणि हा एक इसम नेमका मधल्या फटीत, खालीवर, अशी सणसणीत टाळी हाणतो की शेजारचे चार जण त्याला जाऊन मिळतात, मग दहा, आणि थोड्या वेळाने सभागृहाची डावी बाजू उजव्या बाजूच्या आधी आरती संपवून कापराची वाट बघत उभी राहते. मंडळाचे चिटणीस मुत्सद्दी माणूस. त्यांनी पुढच्या वर्षी साडूंच्या हातात आरतीचं तबक दिलं. मान म्हणून नव्हे. हात अडकलेले राहावेत म्हणून. साडूंनी तबक ओवाळलंही खालीवरच. ज्योती अशा काही झोकांड्या खाऊ लागल्या की झांजवाले काका त्यांच्याकडे बघता बघता ठेका विसरले. साडूंची मुलगी सई, इथेच वाढलेली, मागून दात-ओठ खात इथल्या इंग्रजीत वाटेल तसं करू नका म्हणाली, "बाबा, डोन्ट एनीहाऊ ला! एव्हरीबडी लुकिंग!" मी घरी गेल्यावर त्यांना स्पष्ट सांगितलं, की गणपतीला तरी जे सगळे करतात ते करा. त्यांनी मान डोलावली. तीसुद्धा माझ्या बोलण्याच्या मधल्या फटीत.

तर यंदा गणपती आमच्या घरी बसले, दीड दिवसाचे. ताई-साडू, सई, मंडळाचे चिटणीस आणि दोन-चार शेजारी. आरती सुरू झाली, सईने झांज घेतली, मी दात आवळून त्या फटीतल्या टाळीची वाट बघत राहिलो. ती आलीच नाही. साडू आमच्याबरोबर टाळी देत होते. अगदी बरोबर, जिथे द्यायची तिथे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. चिटणीसांनी मला डोळ्यांनी विचारलं, हे काय? माझी बायको कानाशी कुजबुजली, "जिजू सुधारले बाई." मला तर विजय झाल्यासारखं वाटलं, इतकी वर्षं जीव तोडून सांगत होतो ते लागू पडलं म्हणून. मी कौतुकाने त्यांच्याकडे पाहिलं. ते देवाकडे बघत नव्हते. माझ्याकडेही नव्हते. ते माझ्या हातांकडे बघत होते, आणि माझे हात एकमेकांवर आले की मग त्यांचे येत होते.

प्रसाद झाल्यावर मी त्यांना खाली ब्लॉकच्या मोकळ्या जागेत नेलं. तिथल्या दगडी टेबलावर काही चिनी आजोबा पट मांडून बसले होते. मी विचारलं, "काय झालंय?" साडूंनी आधी माझ्यासमोर बसून घेतलं, मी बोलतो ते तोंड दिसेल असं. मग म्हणाले, "सईची झांज हलताना दिसते. वाजताना ऐकू येत नाही." कानांची दरवर्षी तपासणी होते त्यांची, इंजिनांच्या आवाजात काम करणाऱ्यांची होतेच. यंदाच्या तपासणीत वरचे, बारीक आवाज गेलेले निघाले. गेलेले परत येत नाहीत, आणि उरलेले टिकवायचे असतील तर विमानांपासून लांब व्हा, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण कानांवर ते मोठे गोळे लावतात ना, मी विचारलं. ते ओशाळले. इतक्या वर्षांत त्यांना ओशाळलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. "एका बाजूचा उचलायचो थोडा," ते म्हणाले, "इंजिन चालू होताना. प्रत्येकाचा सूर वेगळा असतो हो. ऐकायचा मोह व्हायचा. मग एक बाजू दुखली की दुसरी."

मला त्यांचा इतका राग आला की सांगता सोय नाही. सांडशीपायी सासूबाईंना विमानतळावर झोपवणारा हा माणूस! जगातला प्रत्येक नियम याने पाळला, आमच्याकडूनही पाळून घेतला, आणि जो एकच नियम त्याच्या स्वतःच्या कानांसाठी होता, तिथे हा जरा फिरून आला. मी तसं बोललोसुद्धा, मोठ्याने. पटावरचे आजोबा वळून बघू लागले. साडूंनी ऐकून घेतलं. कंपनीने त्यांना वर्गात शिकवायचं काम देऊ केलं होतं, नव्या पोरांना. फळा, खुर्ची, थंडगार खोली. ते त्यांनी घेतलं होतं. म्हणजे एक सुटलं, मी म्हणालो, आता सासूबाई तरी खूश होतील. "दुसरंही सुटेल असं दिसतंय," ते म्हणाले. ड्रमवरची मोठी थाळी जी बारीक चिंग चिंग वाजते, तिला धरून बास चालायचा असतो. ती त्यांना ऐकू येईनाशी झाली होती. "सगळ्यांनी ज्याच्या भरवशावर वाजवायचं, तो मी. मलाच ऐकू येत नाही, तर ताल बरोबर आहे अशी सही मी कशी करू?" ज्या प्रश्नावर आम्ही सगळे इतकी वर्षं चवीने भांडत होतो, त्याचं उत्तर असं दोन्ही बाजूंनी येईल हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विसर्जनाची आरती. मी मुद्दाम साडूंच्या समोर, दिव्याच्या उजेडात उभा राहिलो. आरती सुरू झाली. माझ्या चार वर्षांच्या तबल्याची, गुरुजींची आणि गजाननाची मनोमन क्षमा मागून मी सगळ्यांचे हात सुटले तेव्हा टाळी दिली. कठीण असतं ते. आपलेच हात आपलं ऐकत नाहीत. बायकोने मला कोपर मारलं, चिटणीसांनी डोक्याला हात लावला, सईची झांज अडखळली आणि मग तिने माझ्याकडे, नंतर बाबांकडे पाहिलं. साडू माझ्या हातांकडे बघत थांबले होते. त्यांना वाटलं मी चुकलो. मग पुन्हा तिथेच पडलेली टाळी पाहिली, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. पुढच्या फटीत त्यांची ती दणदणीत टाळी आली. आरती कशीबशी संपली. कोणी आधी, कोणी नंतर. मूर्ती बादलीत सोडून झाल्यावर ते माझ्या जवळ येऊन म्हणाले, "प्रयत्न चांगला आहे. पण तुम्ही धावता फार."

रविवारी दुपारी मी पुन्हा हमाल झालो. माडीवर गेल्यावर साडूंनी ड्रमवाल्या गृहस्थांना सगळं सांगितलं, बास अजून पिशवीतच होता. त्यांनी ऐकून घेतलं, उठले, आणि आपला सगळा ड्रमचा संसार ओढून साडूंच्या तोंडासमोर आणला. "नेव्हर माइंड ला," ते म्हणाले, "यू लुक माय हँड. कॅन." कॅन म्हणजे जमेल. त्या दुपारी साडू अर्धं कानांनी आणि अर्धं डोळ्यांनी वाजवत होते. दोनदा घसरले, ते मलासुद्धा कळलं. किती दिवस चालेल हे, मी जाताना विचारलं. "बघू," ते म्हणाले. बघितल्याशिवाय कशावरही सही न करणाऱ्या माणसाकडून एवढंच मिळालं. बासची मान मांडीवर घेऊन मी टॅक्सीत बसलो. ती एरवीपेक्षा जड वाटली नाही, हलकीही नाही.

बास घरी ठेवून आम्ही थेट मंडळाच्या गणपतीला गेलो. आमच्या घरच्या आरतीची बातमी चिटणीसांनी तोवर सगळीकडे पोहोचवली होती. आरतीची वेळ झाली, लोक उभे राहिले, आणि चिटणीस पेटलेलं तबक घेऊन गर्दीतून वाट काढत आले ते साडूंना ओलांडून सरळ माझ्याकडे. "आज मान तुमचा," ते गोड हसून म्हणाले. माझ्या टाळीवरचा विश्वास उडाला होता, दुसरं काय. साडू पार मागच्या रांगेत, खांबापाशी उभे होते. मी तबक घेतलं, त्यांना ज्योती नीट दिसतील एवढं उंच धरलं, आणि सगळ्यांच्या टाळीच्या मधल्या फटीत, खालीवर ओवाळलं.